टोमॅटोची पाने काढावीत का? कुंडीतल्या झाडांवरची पिवळी पाने, फुलगळ आणि नुसता वाढणारा पाला

गच्चीवर किंवा गॅलरीत लावलेले टोमॅटो दीड-दोन महिन्यांचे झाले की खालची पाने पिवळी पडू लागतात आणि "ही पाने काढून टाकू का?" हा प्रश्न ठरल्यासारखा येतो. आमच्या सोसायटीच्या सामाईक गच्चीबागेची आणि ओळखीच्या काही घरांतील कुंड्यांची देखभाल मी बरीच वर्षे करत आहे, आणि दर हंगामात सर्वांत जास्त वेळा निस्तरावा लागणारा प्रश्न हाच असतो. पान का पिवळे पडले हे कळल्यावरच ते काढायचे की ठेवायचे हे ठरवता येते, आणि बहुतेक घरांत नेमका हा क्रम उलटा झालेला असतो: पाने आधी निघतात, कारण नंतर शोधले जाते, आणि तोवर झाडावर कारण दाखवणारे पानच उरलेले नसते.

लक्षणे

पुढीलपैकी कोणते लक्षण आपल्या झाडावर आहे, ते आधी नक्की करावे.

- सर्वांत खालची दोन-चार पाने सारखी पिवळी होऊन गळतात, पण शेंडा हिरवा आणि जोमदार असतो.
- खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो.
- पानांवर तपकिरी ठिपके येतात, त्यांत एकात एक वर्तुळे दिसतात आणि ठिपक्याभोवती पिवळी कड असते.
- खालची पाने कडांनी वर वळून द्रोणासारखी होतात, जाडसर लागतात, पण त्यांचा रंग बदलत नाही.
- शेंड्याची नवी पाने बारीक, चुरगळलेली आणि पिवळट कडांची येतात. झाडाची वाढ थांबते.
- पाला गर्द होतो, झाड काठीच्या वर जाते, पण फुले थोडी येतात किंवा आलेली फुले देठाच्या सांध्यापासून गळतात.
- दुपारी झाड माना टाकते, संध्याकाळी सावरते आणि काही दिवसांनी पाने हिरवी असतानाच कायमचे कोलमडते.

यांपैकी पाने काढल्याचा खरा उपयोग ठिपक्यांच्या रोगात होतो आणि थोडा उपयोग अगदी खालच्या, सावलीत म्हाताऱ्या झालेल्या पानांच्या बाबतीत होतो. उरलेल्या सगळ्या लक्षणांत पाने काढल्याने मूळ कारण जागेवरच राहते आणि झाडाची अन्न तयार करण्याची क्षमता मात्र कमी होते.

आधी फुकटच्या तपासण्या

पहिली तपासणी केवळ नजरेची आहे: पिवळेपणा वरून सुरू झाला आहे की खालून? नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या आत हलू शकतात, त्यामुळे ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या वाढीला देते आणि खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह आणि कॅल्शियम असे हलत नाही, म्हणून त्यांची उणीव शेंड्याकडे दिसते. हे एकदा लक्षात आले की खालचे पिवळे पान तोडण्याची घाई आपोआप कमी होते, कारण ते पान अजून पुरते पिवळे झाले नसेल तर झाड त्यातून काही ना काही परत घेत असते. पान पूर्ण पिवळे झाले की ते हलक्या हाताने ओढताच सुटते. सुटत नसेल तर ते राहू द्यावे.

दुसरी तपासणी बियाण्याच्या पाकिटाची. टोमॅटोच्या काही जाती ठराविक उंचीवर थांबतात, काही वाढतच राहतात. पुसा रुबी ही सतत वाढणारी जात आहे, तर पुसा अर्ली ड्वार्फ नावाप्रमाणेच बुटकी आणि मर्यादित वाढीची आहे. सतत वाढणाऱ्या जातीला एका किंवा दोन खोडांवर ठेवून बगलफुटी खुडल्या तर झाड आवरते. मर्यादित वाढीच्या जातीत मात्र बरीचशी फळे त्याच बगलफुटींवर लागतात, त्यामुळे पहिल्या घोसाच्या वरच्या फुटी आणि पाने काढणे म्हणजे स्वतःच्या हाताने पीक कमी करणे होय. पॉलिहाऊसमधील टोमॅटोची चलचित्रे पाहून गच्चीवरच्या बुटक्या झाडाला अगदी सोलून काढल्याची उदाहरणे मी दरवर्षी पाहतो. पॉलिहाऊसमध्ये वेल अनेक मीटर लांब वाढवलेली असते, डोक्यावर ऊन गाळणारे आच्छादन असते, आणि खालची पाने काढली तरी वर पंधरा-सोळा भरलेली पाने राखलेली असतात. कुंडीतल्या झाडावर कित्येकदा एकूण तेवढीच पाने असतात.

मोजताना आणखी एक घोटाळा होतो. टोमॅटोचे पान संयुक्त असते. खोडापासून निघालेला एक देठ आणि त्यावरच्या सगळ्या पर्णिका मिळून एक पान होते. "दहाच पाने काढली" असे सांगणाऱ्याने कधी दहा पर्णिका काढलेल्या असतात, कधी अर्धे झाड. त्याचप्रमाणे बगलफूट ही खोड आणि पान यांच्या बेचक्यातून येते, तर फुलांचा घोस बेचक्यातून न येता थेट खोडावर, दोन पानांच्या मधल्या जागेतून निघतो. ज्याला हा फरक ओळखता येत नाही त्याने अजून कात्री हातात घेऊ नये. कोवळा घोस फूट समजून खुडला जाणे ही फार सामान्य गोष्ट आहे.

तिसरी तपासणी उन्हाची. झाडाला थेट ऊन किती तास मिळते, हे अंदाजाने न ठरवता सुट्टीच्या दिवशी दर तासाला पाहून लिहून ठेवावे. फळासाठी सहा तास तरी हवेत. शेजारच्या इमारतीची सावली ऋतूप्रमाणे सरकते, आणि ऑक्टोबरमध्ये उन्हात असलेली गॅलरी डिसेंबरमध्ये सावलीत जाऊ शकते. ऊन कमी असेल तर झाड उंच आणि लुसलुशीत होते, पेरांतील अंतर वाढते आणि खालची पाने गळतात. अशा वेळी पाने काढून "आत ऊन पोहोचवण्याचा" प्रयत्न व्यर्थ असतो, कारण मुळात पोहोचायला ऊनच नसते. कुंडी हलवावी. दोन कुंड्या एकमेकींना खेटून असतील तर त्यांच्यात दोन फुटांचे अंतर करावे. पाला दाट झाल्याची निम्मी तक्रार एवढ्यानेच मिटते.

चौथी तपासणी हवामानाची. रात्रीचे तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस असताना टोमॅटोची फळधारणा सर्वांत चांगली होते. दिवसाचा पारा ३५ च्या पुढे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात; रात्र १० अंशांच्या आसपास उतरली तरी फळधारणा मंदावते. म्हणून एप्रिलमध्ये नागपुरात किंवा जळगावात फुले गळत असतील, तर त्याचा पाल्याशी काही संबंध नाही. उलट मार्च ते मे या काळात घोसावर सावली धरणारे प्रत्येक पान जपावे. ते काढले तर फळाच्या उन्हाकडच्या बाजूला पांढुरका, कागदासारखा चट्टा पडतो आणि ते फळ पुढे सडते. बंदिस्त गॅलरीत वारा नसेल तर सकाळी फुललेल्या घोसाला मागून हलकी टिचकी मारावी. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागावर फळते, त्याला फक्त हलवणारे कोणी लागते.

पाणी आणि खत

पैसे खर्च करण्याआधी बोट मातीत दोन पेरे खोल घालावे. वरची माती कोरडी आणि आत ओल असेल तर पाणी देऊ नये. कुंडीच्या बुडाची भोके मुळांनी किंवा गाळाने बुजलेली असतील तर मुळांना हवा मिळत नाही आणि खालची पाने पिवळी पडतात, जे पाहून बहुतेक जण आणखी पाणी घालतात. भोकात काडी घालून पाहावी. सतत वाढणाऱ्या जातीला १५ ते २० लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग लागते; त्याहून लहान कुंडीत उन्हाळ्यात सकाळचे पाणी दुपारपर्यंत पुरत नाही.

खालची पाने द्रोणासारखी वळलेली असतील, पण हिरवी आणि निरोगी असतील, तर तो बहुधा रोग नसतो. उष्णता, पाण्याची ओढाताण आणि एकदम केलेली मोठी छाटणी यांमुळे पाने अशी वळतात. ज्याने आठवड्यापूर्वी भरपूर पाने काढली, त्याच्या उरलेल्या पानांवर हे लक्षण दिसले तर कारण शोधायला दूर जावे लागत नाही. नियमित पाणी आणि मातीवर आच्छादन एवढे पुरते; वळलेली पाने पुन्हा सरळ होतीलच असे नाही, परंतु ती काम करत राहतात.

गर्द हिरवा पाला आणि फळ नाही, अशी स्थिती असेल तर गेल्या महिन्यात काय काय घातले ते आठवावे. शेंगदाणा पेंडीचे पाणी, शेणाची स्लरी, युरिया, जीवामृत यांपैकी दोन-तीन गोष्टी आलटून-पालटून चालू असतात आणि प्रत्येक वेळी "थोडेसेच" घातलेले असते. नत्र जास्त झाले की झाड पाला वाढवते. अशा झाडाची पाने काढली तर ते उपलब्ध नत्रावर पुन्हा पालाच वाढवते, आणि माणूस व झाड यांची ही शर्यत हंगाम संपेपर्यंत चालते. नत्राची सगळी खते तीन-चार आठवडे पूर्ण बंद करावीत, पालाश असलेले खत पाकिटावरील प्रमाणातच द्यावे आणि वाट पाहावी. सतत वाढणाऱ्या जातीत या काळात केवळ बगलफुटी, बोटभर असतानाच, खुडाव्यात.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही जुन्या पानांवर, असे असेल तर मॅग्नेशियमची शंका घ्यावी. येथे शहरातील एक कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. अनेक सोसायट्यांत बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी मऊ करणारे यंत्र बसवलेले असते. मिठावर चालणारे हे यंत्र पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेते आणि त्यांच्या जागी सोडियम सोडते. नळ, गीझर आणि फरशांसाठी ते चांगले, परंतु कुंडीतल्या मर्यादित मातीत तेच पाणी महिनोन्महिने पडले की सोडियम साचतो, मातीचा पोत बिघडतो आणि झाडाला हवी ती द्रव्ये मिळेनाशी होतात. पानांच्या कडा करपणे आणि मातीवर पांढरट थर येणे या त्याच्या खुणा आहेत. बागेला कोणत्या टाकीचे पाणी येते, हे सोसायटीच्या प्लंबरला विचारावे. यंत्राच्या आधीचा नळ मिळाला तर तो वापरावा, आणि पावसाळ्यात कुंडीतून पाणी भरपूर निथळून जाऊ द्यावे. त्यानंतर मॅग्नेशियम सल्फेट एका लिटर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे. आधी पिवळे झालेले पान पूर्ववत होईल ही अपेक्षा ठेवू नये; वरची नवी पाने हिरवी राहिली तर निदान बरोबर होते.

पानाची खालची बाजू

आता पान उलटून पाहावे. दहा-वीस रुपयांचे भिंग येथे महागड्या औषधापेक्षा जास्त उपयोगी पडते. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे: बारीक ठिपके कागदावर चालू लागले तर लाल कोळी किंवा फुलकिडे आहेत. झाड हलवताच पांढरी धूळ उडाल्यासारखी दिसली तर ती पांढरी माशी असते. शेंड्याची पाने चुरगळलेली असणे आणि पांढरी माशी असणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर पर्णगुच्छाच्या विषाणूची शक्यता मोठी असते. विषाणू संपूर्ण झाडात असतो, म्हणून चुरगळलेली पाने खुडून काहीही साधत नाही. असे झाड मुळासकट उपटून, पिशवीत बांधून बाहेर काढावे. एका झाडाच्या मोहापायी शेजारची सहा झाडे जातात.

पानात बारीक नागमोडी पांढरी रेघ असेल तर ती नागअळी आहे. रेघेऐवजी पसरट, पारदर्शक चट्टा असेल आणि त्यात काळी विष्ठा दिसत असेल, तर टूटा अळीचा संशय घ्यावा. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील कीड असून भारतात ती प्रथम २०१४ मध्ये पुणे परिसरात आढळली. या दोन्हींत सुरुवातीची मोजकी पाने काढून नष्ट केल्याने फायदा होतो, कारण अळी पानाच्या आतच असते.

आता कात्री

एवढ्या तपासण्यांनंतर पाने काढण्याची तीन कारणे उरतात. पान मातीला टेकते आहे किंवा पाणी घालताना त्यावर माती उडते आहे. पानावर वर्तुळाकार ठिपक्यांचा, म्हणजे लवकर येणाऱ्या करप्याचा, प्रादुर्भाव आहे. किंवा पान अशा घोसाच्या खाली आहे, ज्याची फळे पिकायला लागली आहेत. करप्याची बुरशी मातीतल्या जुन्या काडीकचऱ्यावर टिकून राहते आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर येते, म्हणून मातीपासून वीतभर खोड मोकळे ठेवणे आणि मातीवर उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला पसरणे हा स्वस्तातला सर्वांत चांगला बंदोबस्त आहे. कोकणात आणि गोव्यात, जेथे हवा सतत दमट असते, तेथे मी यापेक्षा थोडे अधिक खोड मोकळे करण्याचा सल्ला देतो. देशावरच्या कोरड्या उन्हात तसे करण्याचे कारण नाही. फळे अजून हिरवी आणि वाढती असलेल्या घोसाजवळचे पान मात्र कधीही काढू नये, कारण त्या घोसाला साखर मुख्यतः जवळच्या पानांकडूनच मिळते.

एका वेळी दोन, फार तर तीन पाने काढावीत आणि पुन्हा हात लावण्यापूर्वी आठवडा जाऊ द्यावा. ऊन असलेल्या दिवशी, पाने कोरडी असताना, सकाळी हे काम करावे म्हणजे जखम दिवसभरात सुकते. देठ खोडालगत काढावा. अर्धा इंच ठोंब ठेवला तर तो कुजतो आणि बुरशी खोडात उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री स्पिरिटने पुसावी. पावसात किंवा दव असताना झाडांना हात लावणे टाळावे. तंबाखू मळणाऱ्या किंवा सिगारेट ओढणाऱ्या व्यक्तीने साबणाने हात स्वच्छ धुतल्याशिवाय टोमॅटोला स्पर्श करू नये: तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावरून टोमॅटोवर जातो आणि त्यावर औषध नाही. माळीकाकांना हे सांगणे अवघड वाटते, तरी सांगावे. रोगट पाने घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नयेत.

मुळांपर्यंत जावे लागले तर

झाड हिरवे असतानाच कोलमडत असेल आणि मातीत ओल असेल, तर पानांकडे पाहण्यात वेळ घालवू नये. सर्वांत वाईट अवस्थेतील एक झाड उपटावे. मुळांवर घट्ट गाठी असतील तर सूत्रकृमी आहेत. गाठी नसतील तर जमिनीलगतच्या खोडाचा तुकडा स्वच्छ ब्लेडने कापून काचेच्या ग्लासातील नितळ पाण्यात लटकता धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरू लागला तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. धागा नाही, पण खोड उभे चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेषा दिसते आणि आधी झाडाची एकच बाजू पिवळी पडली होती, तर बुरशीजन्य मर रोगाची शक्यता आहे. या तिन्हींत लागलेले झाड वाचवता येत नाही.

कुठे थांबावे

पानांवर ओलसर, काळपट चट्टे दिसू लागले, सकाळी पानाखाली पांढरी बुरशी आढळली आणि दोन-तीन दिवसांत खोडही तपकिरी पडले, तर तो उशिरा येणारा करपा असतो. तेथे घरगुती उपाय थांबवावेत आणि झाड काढावे. आठवड्याभरात एकाहून अधिक कुंड्यांत तेच लक्षण पसरत असेल, किंवा दोन निदानांमध्ये आपला गोंधळ होत असेल, तरीही थांबावे. २०२० मध्ये जुन्नर, संगमनेर आणि अकोले भागांत टोमॅटोच्या फळांवर विचित्र रंगांचे पट्टे आले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनाही नजरेने कारण सांगता आले नव्हते. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतील तपासणीनंतर काकडीवरील मोझॅक विषाणूचे नाव पुढे आले. विषाणूचा रोग नुसत्या फोटोवरून खात्रीने सांगणाऱ्याच्या सल्ल्यावर पैसे घालवू नयेत.

किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येते. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना न्यायचा असेल, तर निरोगी आणि रोगट असे दोन्ही भाग असलेली फांदी कागदात गुंडाळून त्याच दिवशी न्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजते आणि पोहोचेपर्यंत तिच्यावर भलत्याच बुरशा वाढतात. मर रोगाची शंका असल्यास मुळे आणि मूठभर माती वेगळी न्यावी. तज्ज्ञाने सांगितल्याशिवाय शेतीची कीटकनाशके गॅलरीत आणू नयेत, कारण फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे अंतर घरात क्वचितच पाळले जाते आणि उडालेले औषध शेजारच्या खिडकीत जाते.

मर रोग किंवा सूत्रकृमी निघालेल्या कुंडीतील माती पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा यांच्यासाठी वापरू नये. त्यात झेंडू लावावा, आणि कुंडी पुन्हा वापरायची असेल तर आधी घासून कडक उन्हात वाळवावी.